गाडीचं दावं

नांदे गावात कुणालाही विचारा, दयानंद म्हणजे लाख माणूस असंच सांगतील. मला विचारू नका. मी त्याच्या गाडीचा विमा उतरवलाय, आणि विमा उतरवणाऱ्याला माणसाची जी बाजू दिसते ती त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांनाही दिसत नाही.

मी बंडोपंत. पिरंगुटच्या बाजारात बसथांब्यासमोर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर एक पंखा, जो गिऱ्हाइकापेक्षा जास्त कुरकुरतो. उभी हयात मी मुळशी तालुक्यातल्या गाड्यांचे विमे उतरवण्यात घालवली. आधी ट्रॅक्टर होते, मग टेम्पो आले, मग जमिनी गेल्या आणि काळ्या काचांच्या अजस्र गाड्या आल्या. आत बसणारी माणसं तीच. चार पावलांवरच्या दुकानात कोथिंबीर आणायला ती गाडी काढून जातात आणि तिथे लावायला जागा नाही म्हणून भांडतात. मला त्यांचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. तरीही ती माझ्याकडेच येतात, कारण क्लेम मी मिळवून देतो.

दयानंद हा हैबतरावांचा एकुलता एक मुलगा. हैबतरावांना अख्खं गाव आबा म्हणतं. आबांनी जन्मभर बैल पाळले. घ्यायचे, जोपासायचे, बाजाराला न्यायचे, पुन्हा नवे आणायचे. पोराने मात्र शेणात कधी पाय घातला नाही. पौडच्या कॉलेजात त्याने नाव घातलं, नाव तिथंच राहिलं आणि हा परत आला. मग काही वर्षं टेम्पो चालवला. तेवढ्यात पलीकडे हिंजवडी फुगली, नांद्याच्या वावरांना सोन्याचा भाव आला आणि रस्त्याकडेची जमीन गेली, टेकडीखालची गेली. ह्या सगळ्यात दयानंदने नेमकं काय केलं, असं विचाराल तर काही नाही. तो होता तिथंच बसून होता. तरी लग्नपत्रिकेवर त्याच्या नावापुढे 'युवा उद्योजक' असं छापतात, आणि आता पन्नाशी जवळ आली तरी त्यातला 'युवा' काही कुणी काढत नाही.

पैसा आला की माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. दयानंदने पहिल्यांदा गळ्यात साखळी घातली, ती एवढी जाड की मान वर करून बोलायला त्याला कष्ट पडायचे. मग व्यायामशाळा काढली. तिची यंत्रं अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आहेत. मग एक विलायती कुत्रा आणला. त्याला इथला उन्हाळा सोसेना, म्हणून त्याच्या खोलीला एसी बसवला आणि म्हातारे आबा पडवीत पुठ्ठ्याने वारा घेत बसले. त्यानंतर गच्चीवर पोहण्याचा तलाव बांधला. तो दुसऱ्याच महिन्यात खालच्या भाडेकरूंच्या खोलीत उतरला. असल्या माणसाला लोक हौशी म्हणतात. माझ्या मते हा रिकामटेकडेपणा आहे, फक्त त्याला आता परवडतो.

आणि मग ती गाडी आली.

लोणावळ्याचा एक जुना बंगला विकून द्यायला दयानंद मध्यस्थ म्हणून गेला होता. बंगला काही विकला गेला नाही. त्याच्या गॅरेजात चाळीस वर्षं पडून असलेली एक परदेशी स्पोर्ट्स कार मात्र हा ट्रेलरवर घालून घेऊन आला. दोन दारं, दोनच सीटा, आणि एवढी बुटकी की आत बसायचं म्हणजे बैठक मारावी लागते. सीटांखाली उंदरांचा संसार होता. दयानंदने ती पिरंगुटच्या एका मिस्त्रीकडे उभी केली आणि पुढे तीन वर्षं घरात दुसरा विषय काढला नाही. परदेशातून काचा आल्या, रबरं आली, बोल्टसुद्धा आले. इथला बोल्ट लावला तर गाडीचा अपमान होतो म्हणे.

ती तयार होऊन अंगणात उभी राहिली तेव्हा विम्यासाठी फोटो काढायला मी नांद्याला गेलो. गाडी बघितली आणि मला हसू आवरेना. तिचा रंग हिरवा नव्हता, खाकी नव्हता, तपकिरीही नव्हता. शेणाने सारवलेलं अंगण उन्हात अर्धंमुर्धं वाळतं तेव्हा जसं दिसतं, थेट तसा तो रंग होता.

"पंत, हसू नगा," दयानंद म्हणाला. "फॅक्टरी कलर हाय. मॉस ब्रॉन्झ. कंपनीनं ह्या रंगाच्या लई थोड्या काढल्या. जगात बोटावर मोजण्यायवढ्या शिल्लक हायेत."

"थोड्या का काढल्या?" मी विचारलं.

त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मला विचाराल तर लोकांनी घेतल्या नसतील म्हणून. जी वस्तू तेव्हा कुणी फुकट नेली नसती तिच्यासाठी आता माणसं वेडी होतात, आणि ह्याला दर्दी म्हणतात.

"ह्या रंगाचा येगळा इमा उतरवता यील का?" त्याने मला गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, रंग चोरीला गेला तर माझ्याकडे ये, आपण बघू.

गावाने त्या गाडीचं नाव शेणकी ठेवलं. शेणकी निघाली, शेणकी आली, शेणकी घाटात बंद पडली. दयानंदच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण गंमत बघा. ज्या गोठ्यातलं शेण काढायला हा कधी गेला नाही, भाडेकरूंना वास येतो म्हणून जो गोठा ह्याने पाडला, त्याच जागी त्याने गाडीसाठी गॅरेज बांधलं आणि रोज सकाळी त्या शेणाच्या रंगावरून मऊ फडकं फिरवत बसू लागला. बैलाच्या पाठीवरून एवढा हात फिरवला असता तर आबांनी त्याची दृष्ट काढली असती.

गोठा पाडताना एक भिंत मात्र आबांनी पाडू दिली नाही. दगडाची, खुंट्या मारलेली. त्या खुंट्यांवर आबांनी आजवर विकलेल्या बैलांची दावी टांगलेली आहेत. इकडची ती रीतच आहे. जनावर विकायचं, पण त्याचं दावं द्यायचं नाही. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं, त्याने बांधून न्यायचं, आणि आपलं दावं आपल्या गोठ्यात राहायचं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते अशी समजूत. मी असल्या समजुतींना हसतो. आबांचा मात्र ह्या एका गोष्टीवर इतका विश्वास की शेवटची जोडी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली, तरी दिवाळीत ते त्या सुतळ्या झटकून, तेलाचा हात लावून पुन्हा टांगतात. गॅरेजाची चौथी भिंत म्हणून ती भिंत उभी राहिली, आणि लाखांची गाडी जुन्या दाव्यांच्या शेजारी उभी राहू लागली.

दसऱ्याला मी त्यांच्याकडे गेलो होतो. विम्याचं नूतनीकरण होतं आणि अपेक्षाच्या हातचं श्रीखंडही होतं. अपेक्षा म्हणजे दयानंदची बायको. तिच्याबद्दल पुढे सांगतो. आबा हळदकुंकवाचं ताट घेऊन गाडीपाशी आले आणि बोनेटवर पाच बोटं उठवणार, तेवढ्यात दयानंद किंचाळला. हळद रंगात उतरते, डाग जात नाही, वगैरे. आबा बिचारे ताट घेऊन उभेच.

"मग फुडचं झाकान तरी उघड. आतनं पुजतो," ते म्हणाले.

दयानंदने कपाळाला आठ्या घालून बोनेट उघडलं. आत एका बाजूला तळहाताएवढी एक पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून बसवलेली होती. तिच्यावर काही अक्षरं, काही आकडे. आबांनी तिला कुंकू लावायला बोट पुढे केलं.

"आबा, तिला हात लावायचा न्हाई!"

"का रं? काय हाय ती?"

आता ह्याने सरळ सांगायचं होतं. गाडीचा नंबर चासीवर वेगळा कोरलेला आहे, पण कारखान्यात गाडीला कोणता रंग दिला त्याचा आकडा फक्त ह्या पट्टीवर आहे, आरटीओच्या पुस्तकात रंगापुढे कुणा बाबूने नुसतं 'इतर' असं लिहिलंय, कंपनीकडे त्या काळचे कागद राहिलेले नाहीत, म्हणून हा रंग खरा असल्याचा एवढाच पुरावा. मला त्याने हे चारदा सांगितलं होतं. पण म्हाताऱ्याला एवढं कुठे समजावत बसायचं?

"ह्ये गाडीचं दावं हाय, आबा," तो म्हणाला. "ह्ये हाय म्हणून गाडीला किंमत. कळलं?"

आबांनी मान डोलावली. त्यांना अगदी नीट कळलं.

आता अपेक्षाबद्दल. ह्या घराची ओढ्याकाठची एक जमीन विकायची राहिली होती. मऊ, पाणथळ वावर. अपेक्षा त्यात आंबेमोहोर लावते. भात कापलं की स्वतः उभी राहून झोडून घेते, गिरणीतून आणते, आणि हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये स्कूटरवरून पोती पोचवते. तिथल्या बायका तिला फोन करतात, पुढच्या वर्षीचा तांदूळ आत्ताच सांगून ठेवतात. तिचा भात शिजला की वरच्या मजल्यावरची माणसं कुणाकडे शिजतोय ते विचारत येतात. ह्या घरात काम करून कमावणारी तेवढी एकटी, पण तिच्या नावापुढे काही छापत नाहीत. मला माणसं फारशी आवडत नाहीत. ही आवडते.

त्या दसऱ्यानंतरच्या पावसाळ्यात दयानंदच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. ताम्हिणीत रिसॉर्ट. कुणी एक भागीदार भेटला, त्याने ह्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. धबधब्यासमोर काचेच्या खोल्या बांधायच्या. ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको, तिथे चार महिने टॉवेल वाळत नाही. काचेतून ह्यांच्या पाहुण्यांना धुकं सोडून काय दिसणार होतं? पण भागीदारीत आपला वाटा टाकायचा तर काहीतरी विकायलाच हवं. एकतर शेणकी, नाहीतर ओढ्याकाठचं वावर.

एक दिवस नवराबायको दोघं माझ्या ऑफिसात आले. अपेक्षाने त्याला जवळजवळ धरूनच आणलं होतं.

"पंत, तुमच्याम्होरं बोलू द्या ह्यांना," ती म्हणाली. "घरात बोलल्यालं ह्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

"गाडी इकतोय," दयानंद म्हणाला. "गिऱ्हाईक हाय. गाडी गेली तर वावराला हात लावत न्हाई. शब्द हाय माझा."

"आन् न्हाई गेली तर?"

दयानंद वर बघू लागला. पंख्यात त्याला एकाएकी फार रस वाटला.

"आबांची सही लागेल की," मी म्हणालो. वावर आबांच्याच नावावर होतं.

"आबांनी कवा न्हाई म्हटलंय?" अपेक्षाच म्हणाली. आणि ते खरं होतं. आजवरची प्रत्येक जमीन आबांनी पोरगं म्हणेल तिथे सही करून विकली होती. पोराच्या सुखाआड यायचं नाही, एवढंच त्यांना कळायचं. ह्या भोळेपणाचाही मला राग येतो, पण तो निराळ्या जातीचा राग.

गिऱ्हाईक होतं ऋषिकेश. मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. जुन्या गाड्या जमवतो. रविवारी सकाळी तो नांद्याला यायचा, योगासनांची चटई अंथरून गाडीखाली शिरायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. रंगाची जाडी मोजायचं एक यंत्र होतं त्याच्याकडे. ते तो गाडीच्या अंगावर इंचाइंचाला टेकवायचा आणि आकडा बघून डोळे मिटायचा. डॉक्टरसुद्धा हल्ली पेशंटला इतका हात लावत नाहीत. एकदा तर त्याने गाडीच्या दाराचा वास घेतला. मी स्वतः पाहिलं.

"भाऊ, ये असली चीज आहे," बोनेटमधल्या पट्टीवर टॉर्च मारून तो म्हणाला. "कोड मॅच होतोय. रिव्हेटपण फॅक्टरीचे आहेत, कुणी टच नाही केलेले. नाहीतर आजकाल कोणीही घरी पेंट मारतो आणि रेअर म्हणून विकतो. ही पट्टी आहे म्हणून मी घेतोय, सच बोलू तर."

दयानंद त्याच्यासमोर शहरी बोलायला जायचा. "हो ना, अ‍ॅक्चुअली हा कलर म्हणजे एक स्टेटमेंट हाय," असं म्हणाला तेव्हा मला ठसकाच लागला. पण व्यवहार ठरला. दिवाळीनंतरचा रविवार. ट्रेलर घेऊन ऋषिकेश येणार, पैसे देणार, शेणकी घेऊन जाणार. विमा नव्या नावावर करायला मलाही बोलावलं.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात सडा घातला होता. ट्रेलर रस्त्यावर येऊन थांबला होता. आबा नवं धोतर नेसून पडवीत बसले होते आणि कसल्याशा समाधानात होते. ओढ्याकाठी भाताची कापणी चालली होती, ती अर्धी टाकून अपेक्षा घरी आली होती. हातात विळा तसाच. तिला मी एवढं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. "पंत, औंदा तुमाला नवा तांदूळ देणार, पैशे घेणार न्हाई," ती म्हणाली. वावर वाचलं होतं. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काहीच नव्हतं.

ऋषिकेशने फोनवर कुणा मित्राला व्हिडिओ कॉल लावला. त्याला पट्टी दाखवायची होती. त्याने बोनेट उघडलं, फोन आत धरला, आणि कॉलच बंद केला.

पट्टीच्या जागी चार भोकं होती. भोकांभोवती छिन्नीचे ओरखडे, आणि त्या अप्रतिम शेणकट रंगाचे टवके उडून खालचा पत्रा उघडा पडलेला.

"प्लेट कुठंय?" ऋषिकेश म्हणाला.

दयानंदने आत वाकून बघितलं. त्याचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. "आत्ता... काल तर व्हती," एवढंच तो बोलू शकला. शहरी बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"ती व्हय?" आबा पडवीतून उठत म्हणाले. "मी काढून ठिवली. लई घट बसवल्याली रं, पहाटं पहाटं निस्ता घाम काढला तिनं."

"काढली? का?" दयानंद ओरडला.

आबांना ह्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आरं, गाडी इकली न्हवं तू? मग दावं नगं का काढून घ्याया? तूच म्हनला व्हतास, ह्ये गाडीचं दावं हाय म्हून. तुला कुटं रीत ठावं हाय, तुझ्या ध्यानात ऱ्हायलं नसतं. ती बघ, लावलिया खुटीला."

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. बैलांच्या दाव्यांच्या रांगेत शेवटच्या खुंटीला तारेने बांधलेली पट्टी लटकत होती. तिला हळदकुंकूही लावलं होतं.

मी खरं सांगतो, मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. एकीकडे दाराचा वास घेणारा ऋषिकेश, दुसरीकडे 'स्टेटमेंट'वाला दयानंद, आणि दोघांच्या मधोमध छिन्नी. दयानंदने धावत जाऊन पट्टी काढली, धोतराच्या सोग्याला पुसायला गेला, आबांच्याच, आणि ऋषिकेशच्या हातात दिली. "ही घ्या, हीच हाय, परत बसवून देतो, मिस्त्रीला आत्ता बोलावतो."

ऋषिकेशने ती दोन बोटांत धरली. एक कोपरा वाकला होता.

"अंकलने निकाल दी, मतलब निघते," तो म्हणाला. "जी निघते ती बसवतापण येते. मग ही ह्याच गाडीची आहे कशावरून? उद्या मी विकायला गेलो तर मला हाच प्रश्न विचारतील. सॉरी भाऊ. पट्टी नाही तर मग हा फक्त... कलर आहे."

"म्हंजी शेण," आबा मदतीला म्हणून म्हणाले. मग ऋषिकेशजवळ जाऊन त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "पावनं, गाडी तीच हाय न्हवं? रंग बी त्योच? कालपातुर आवाडली, आन् आज न्हाई? आमी बैल घेताना दात बघत हुतो, खूर बघत हुतो. दावं बघून बैल घेत्यात व्हय कुनी?"

ऋषिकेशने पट्टी आबांच्याच हातात ठेवली. त्याने चटई गुंडाळली. ट्रेलर रिकामा गेला.

मी हसतच मागे वळलो आणि अपेक्षा दिसली. ती दयानंदकडे बघत नव्हती, आबांकडे बघत नव्हती, गाडीकडे तर नाहीच. तिने विळा ह्या हातातून त्या हातात घेतला आणि ओढ्याकडे चालू लागली. अर्धं भात कापायचं राहिलं होतं, आणि ते आपण शेवटचं कापतोय हे तिला कळलं होतं. माझं हसू तिथे संपलं. मला स्वतःचाच राग आला, आणि दयानंदचा तर असा आला की त्याला तिथल्या तिथे चार गोष्टी सुनावल्या. दावं हा शब्द तुझाच ना, मी म्हणालो. बापाला धड चार वाक्यांत सांगायचं तुझ्या जिवावर आलं, म्हणून तू शब्द फेकलास.

"म्हाताऱ्याला समजावं म्हणून बोललो वो!" तो म्हणाला.

"समजलं की मग त्यांना. तुझ्याहून जास्त समजलं."

दयानंद चार दिवस बापाशी बोलला नाही. जेवताना ताट घेऊन गॅरेजात जाऊन बसायचा. बायकोला दिलेला शब्द मात्र त्याला बिनचूक आठवत होता. गाडी गेली तर वावराला हात लावत नाही, असं तो म्हणाला होता. गाडी गेली नाही. तेव्हा आता हात लावायला हरकत नव्हती. असल्या हिशेबात हा माणूस कधी चुकत नाही.

महिन्याभरात त्याने कागद करून आणले. साक्षीदार म्हणून मला बोलावलं. मी जाणार नव्हतो, पण अपेक्षाचा फोन आला. "तुमी असा, पंत," एवढंच म्हणाली. म्हणून गेलो.

पडवीत सतरंजी अंथरली होती. आबा भिंतीला टेकून बसले होते. दयानंदने कागद त्यांच्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं, कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं. आजवर प्रत्येक वेळी असंच झालं असणार. अपेक्षा उंबऱ्यात उभी होती.

आबांनी चष्मा लावला. कागदाकडे बघितलं, मग पोराकडे.

"ह्येचं दावं कुटं हाय?"

"कशाचं?"

"वावराचं."

दयानंदने मोठा श्वास घेतला. "आबा, आता पुन्यांदा त्ये नगं."

"न्हाई, सांग तू. त्या दिशी तू घर डोक्यावर घितलंस. दावं काढलं म्हून गाडीची किंमत ग्येली म्हनलास. त्यो पावना बी त्येच बोलला, शिकल्याला मानूस. म्हंजी सारी किंमत दाव्यातच असती, ह्ये मला तवा कळलं. मग ह्या वावराचं दावं कोंचं त्ये दाव. त्ये काडून आपल्या खुटीला लावू, मंग करतो सही. लगीच करतो."

"जमिनीला दावं नसतंय, आबा!"

आबांचा हात थांबला. मग त्यांनी रस्त्यापलीकडे बघितलं, जिथे त्यांचीच एके काळची जमीन होती आणि आता बारा मजले होते.

"मग ती ग्येली, टेकडीखालची ग्येली," ते हळू म्हणाले, "तवा आपुन काय ठिवून घितलं रं?"

दयानंदने माझ्याकडे बघितलं. "पंत, तुमी तरी सांगा की ह्यांना."

मी त्या दगडी भिंतीकडे बघत होतो. प्रत्येक बैलाचं दावं तिथे होतं. ज्यांची शिंगं कशी होती हेही आता कुणाला आठवत नसेल, त्यांचीसुद्धा दावी होती. शेवटच्या खुंटीवर शेणकीची ती वाकडी पट्टी होती. जमिनीची एकही खुंटी नव्हती.

"दावं न्हाई, मग इकता येत न्हाई," आबा म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते उंबऱ्याकडे पुढे केलं. "सुनबाई, ह्ये ठिव आत. हिशेब लिव्हायला व्हईल तुला."

अपेक्षाने पेन घेतलं. आत गेली, आणि चहा घेऊन बाहेर आली. एक कप आबांना दिला, एक मला दिला, आणि तिसरा घेऊन ती आबांच्या शेजारी सतरंजीवर बसली. दयानंदला कुणी विचारलं नाही.